माहेर कोणत्या गच्चीवर?

सोमवार, ३

ही दैनंदिनी फक्त दुकानापुरती लिहायची, असं ठरवलं आहे. घरचं रडगाणं इथे नको. टेलिफोन ऑफिसात असताना ड्यूटी संपली की दोन ओळी लिहायची सवय होती. निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवतात, म्हणून हा उद्योग.

तर नोंद अशी की सूनबाईला तंत्रशाळेचं काम मिळालं. इंटरनेट जोडून द्यायचं हे दुकान तिने काढल्यापासूनचं पहिलं मोठं काम. शाळेच्या चार इमारती आहेत आणि इंटरनेटची केबल येते ती एकट्या ऑफिसच्या इमारतीत. वसतिगृह, वर्कशॉप आणि ग्रंथालय, तिन्ही कोरडी ठणठणीत. मैदान खणून वायर टाकायला प्राचार्यबाई तयार नाहीत, कारण ते त्यांनी नुकतंच सपाट करून घेतलं आहे. म्हणून गच्च्यांवर डबे लावायचे. डबा म्हणजे वायरलेस राउटर. जाडजूड पुस्तकाएवढा, पांढरा, दिसायला अगदी निरुपद्रवी. या गच्चीवरच्या डब्याने त्या गच्चीवरच्या डब्याकडे बघायचं, मध्ये काही आडवं येता कामा नये, की झालं त्यांचं बोलणं सुरू.

एकवीस तारखेला तिथे परीक्षा आहे, चारही इमारतींत, कॉम्प्युटरवर. तोवर सगळं चालू झालं तर वर्षभराची देखभालही आपल्याकडे येईल. नाही झालं तर दुकान चालवायचं कशावर, हा प्रश्नच आहे, कारण हातात दुसरं काम नाही.

माझं काम म्हणजे फोन घेणं, शिडी धरणं आणि गिऱ्हाइकांना "बाई वर चढल्या आहेत, थोड्या वेळाने करा" असं सांगणं. आवाज अजून तसाच खणखणीत आहे. बाजारात मला अजूनही हॅलोबाई म्हणतात.

बुधवार, ५

जेवणाच्या टेबलावर आज जेवायला जागा नव्हती. सगळे डबे मांडून सूनबाई लॅपटॉपवरून त्यांना एकेकाला अक्कल शिकवत होती. मला समजावून सांगत होती, म्हणजे मी समोर बसले होते म्हणून बोलत होती. दोनच इमारती असल्या तर दोन डब्यांची जोडी, सोपा मामला. एकाच डब्याने पुष्कळांशी बोलायचं असेल तर मधला एक मुख्य आणि बाकीचे त्याच्या भोवती. आणि एखादी इमारत मुख्य डब्याला दिसतच नसेल तर मधल्याने निरोप पुढे द्यायचा, म्हणजे साखळी.

"म्हणजे आमच्या एक्स्चेंजसारखंच की," मी म्हटलं.

"तसंच, फक्त हॅलो न म्हणता."

मग म्हणाली, पुस्तकात मुख्य डब्याला मालक म्हणतात आणि बाकीच्यांना गुलाम. मी म्हटलं, "माझ्या जेवणाच्या टेबलावर गुलाम-बिलाम चालायचे नाहीत."

"मग काय म्हणू?"

"जिथून सगळं येतं ते माहेर. जिथे जाऊन राबायचं ते सासर."

इतकी हसली की हातातला स्क्रू खाली पडला आणि आम्ही दोघी टेबलाखाली शोधत बसलो. पण मग खरंच तिने कॉम्प्युटरमध्ये तीच नावं घातली. सुरुवात ऑफिस आणि वसतिगृह या जोडीने करायची आहे. "हा ऑफिसच्या गच्चीवर जाणार, हा वसतिगृहाच्या. लेबलं तुम्ही लावा आई, तुमचं अक्षर चांगलं आहे." डबे दिसायला अगदी जुळे, त्यामुळे लेबल हवंच. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं. कोणी कुठे बघायचं ते ज्याच्या त्याच्या कपाळावर लिहून टाकलं, म्हणजे गच्चीवर गोंधळ नको.

शनिवार, ८

आज तिला एकटीलाच जावं लागलं, कारण दुकानात एक माणूस येणार होता. तो आलाच नाही. शिडी तिथल्या शिपायाने धरली. दुपारी फोन आला, "आई, लागलं! पहिल्या फटक्यात!" वसतिगृहाच्या मुली खिडकीतून टाळ्या वाजवत होत्या म्हणे. मला कानाशी ऐकू आल्या. फार बरं वाटलं.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. ते जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. बायको घरात नाही हे कळल्यावर पाच मिनिटं माझ्याशी बोलायची मेहेरबानी झाली. बोलता बोलता म्हणाला, "त्या कंपनीला तिने उत्तर दिलं का गं?"

"कुठल्या कंपनीला?"

"अगं, मोठ्या शहरातली. तिला नोकरीला बोलावलंय, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. तुला बोलली नाही?"

"बोलली की," मी म्हटलं.

बोलली नव्हती. मुद्दाम लपवलं असेल असं नाही, राहून गेलं असेल. आणि जायचं असेल तर खुशाल जावं. शिकलेली मुलगी आहे, तिने काय जन्मभर सासूकडून शिडी धरून घ्यायची? मी कोणाच्या वाटेत उभी राहणाऱ्यातली नाही.

रविवार, ९

दुकान बंद. विशेष काही नाही. सूनबाईच्या आवडीची भाजी केली. बाजारात तीच चांगली दिसली म्हणून.

बुधवार, १२

वर्कशॉपवर डबा चढवला. आज मी बरोबर होते. सूनबाई वर खांबाला डबा आवळत होती आणि मी खाली तिच्या मोबाइलवर आकडे वाचून दाखवत होते. सिग्नलचे आकडे उण्यात असतात. उणे पन्नास म्हणजे उत्तम, उणे ऐंशी म्हणजे दिवा विझत आलाय. ज्याला जितकं कमी उणं तो तितका चांगला, हे माणसांच्या बाबतीतही खरं आहे, पण तो विषय वेगळा.

वर्कशॉपचा डबा जेमतेम बोलतो. एकदा लागतो, लगेच सुटतो. कोणी तरी दारात येऊन बेल वाजवावी आणि उघडायला जावं तर पसार, असला प्रकार. ऑफिस तिथून ढळढळीत समोर दिसतं. मध्ये झाड नाही, भिंत नाही.

गुरुवार, १३

आज सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आधी वायरवर, ती बदलली. मग वर्कशॉपच्या वेल्डिंगवर, ते बंद ठेवायला लावलं. तिथले मास्तर चिडले. मग डब्यावरच, तोही बदलला. नवा डबाही तसाच दळभद्री. सूनबाईच्या कपाळावर आठ्या, दुपारी जेवलीही नाही. वसतिगृह मात्र झकास चालू आहे, तिथे काहीच तक्रार नाही. त्यामुळे तर जास्तच डोकं फिरतं.

प्राचार्यबाई खाली भेटल्या. बाई गोड बोलणाऱ्या, पण बोलण्यात धार. "परीक्षा माझ्या गळ्याशी आलीय. मंगळवारपर्यंत वाट बघते, नाहीतर मला दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागेल."

घरी येताना मला वाटलं काही तरी धीराचं बोलावं. म्हटलं, "पाय दुखतात का गं?" ती म्हणाली, "नाही." एवढंच संभाषण.

शुक्रवार, १४

आज सकाळी सूनबाई मोबाइल घेऊन घराच्या गच्चीवर गेली आणि बराच वेळ तिथेच. मी जिन्यात कपडे घ्यायला गेले होते, ऐकायला नाही. शब्द कळत नव्हते, आवाजाची तऱ्हा कळत होती. ऑफिसात बोलतात तसं, नम्र आणि ठाम. "हो, विचार करूनच सांगतेय," एवढंच कानावर पडलं, मग मी खाली आले.

खाली उतरली ती एकदम हलकी होऊन. कालची आठी नाही. चहा मागून घेतला, दोनदा. गाणं गुणगुणत आंघोळीला गेली. मला काय, इतकी वर्षं लोकांचे आवाज ऐकण्यात गेली आहेत. अडकलेलं काही तरी सुटलं की माणूस असं वागतं. म्हणजे हो म्हणून झालं. सुटली बिचारी या डब्यांच्या कटकटीतून.

मी ठरवलं आहे की चांगल्या शब्दांत निरोप द्यायचा. दुकान बंद करू. मी काही रिकामी बसणार नाही, पुष्कळ कामं आहेत घरात. उदाहरणार्थ, आज सगळी भांडी घासली. स्वच्छ होती तीसुद्धा.

इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

सोमवार, १७

आजची नोंद सविस्तर.

सूनबाई वर्कशॉपच्या गच्चीवर, मी खाली मोबाइल घेऊन. तिने ठरवलं होतं की आज अंदाज करायचा नाही, डबा तसूतसूने फिरवायचा आणि आकडा कुठे सुधारतो ते बघायचं. मी आपला खास आवाज लावला. "उणे ब्याऐंशी. उणे ब्याऐंशी. उणे एकोणऐंशी." वर्कशॉपमधली मुलं हत्यारं खाली ठेवून ऐकायला लागली. ऑफिसकडे तोंड केलं की आकडा वाईट. जसजसा डबा वसतिगृहाकडे वळवावा, तसतसा आकडा सुधारत जाई. "उणे एकाहत्तर! उणे चौसष्ट!"

वरून आवाज आला, "आई, याला माहेर वसतिगृहाच्या दिशेला सापडतंय!"

डबा परत ऑफिसकडे वळवून ती शिडीवरून उतरली, माझ्यासमोर उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही लेबलं काय समजून लावलीत?"

"काय समजून म्हणजे? सासरी असलेल्या बाईचं तोंड कुठे असतं? माहेराकडे. म्हणून वसतिगृहावर जायच्या डब्याला 'माहेर' लिहिलं."

"आणि ऑफिसच्या?"

"आईचं लक्ष लेकीच्या सासराकडे. तिथे 'सासर' लिहिलं. उघड आहे."

सूनबाई मटकन पायरीवर बसली. "मला वाटलं डबा कुठे बसतो ते लिहिलंय. तुम्ही तो कुठे बघतो ते लिहिलंत." मग जी हसत सुटली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी. मी घाबरले, मला वाटलं रडतेय. नंतर तर मलाच कळेना कोणतं काय आहे.

झालं असं होतं की 'माहेर' लिहिलेला डबा तिने ऑफिसवर लावला आणि 'सासर' लिहिलेला वसतिगृहावर. लेबलाप्रमाणे बरोबर, पण आत भरलेल्या अकलेप्रमाणे उलट. दोघंच होते तोवर बिघडलं काहीच नाही. जोडीत कोण माहेर आणि कोण सासर याने फरक पडत नाही, बोलणं होतंच. पण तिसरा आला आणि ऑफिसकडे बघून माहेर शोधायला लागला. तिथे बसलेलं दुसरं सासर. दोन सासुरवाशिणी एकमेकींना काय देणार? आणि वसतिगृहावरचं खरं माहेर ऑफिसकडे तोंड करून बसलेलं, त्याचा आवाज वर्कशॉपला कडेने येईल तेवढाच.

ऑफिसच्या डब्यासमोर वसतिगृह आणि वर्कशॉप दोन्ही येतात, म्हणून गच्चीवर परत चढायची गरज पडली नाही. ऑफिसात बसून लॅपटॉपवरून अदलाबदल केली. त्यातही एक मेख. आधी लांबच्या डब्याला सांगायचं, मग जवळच्याला. उलट केलं तर लांबच्यापर्यंत निरोपच पोचत नाही. लांबच्याला सांगून झालं की मधला काही वेळ सगळं तुटलेलं असतं, पडद्यावर काहीच नाही. मग जवळच्याला सांगितलं, हिरवा दिवा लागला, आणि पाठोपाठ वर्कशॉपचाही. उणे बावन्न! आता तुटत नाही, हलत नाही. जीव भांड्यात पडला.

प्राचार्यबाई दारात उभ्या. "काय बिघडलं होतं?"

मी म्हणणार होते की चूक माझी. पण सूनबाई आधी बोलली, "माहेर चुकलं होतं, बाई."

प्राचार्यबाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "होतं असं." काय समजल्या कोण जाणे.

घरी परतताना सूनबाईने विचारलं, "तुमचं तोंड कुठे असायचं आई, तुम्ही नवीन होतात तेव्हा?"

"माझं? स्विचबोर्डाकडे."

तुझं कुठे असतं, असं मी काही विचारलं नाही. ऐकायची हिंमत नव्हती. लेबलाचं म्हणाल तर माझं म्हणणं मला अजूनही बरोबरच वाटतं.

बुधवार, १९

ग्रंथालय झालं. ऑफिसवरून ते दिसत नाही, मध्ये पाण्याची टाकी आडवी येते. म्हणून साखळी केली. वर्कशॉपच्या गच्चीवर एकाच खांबाला दोन डबे, एक ऑफिसकडे तोंड करून घेणारा, दुसरा ग्रंथालयाकडे तोंड करून देणारा. मी लेबल लावायला साफ नकार दिला. सूनबाईने पेन हातात कोंबलं आणि म्हणाली, "लावा. फक्त डबा स्वतः काय आहे ते लिहा, कुठे बघतो ते नको." पहिल्यावर सासर आणि दुसऱ्यावर माहेर लिहिलं. एका खांबाला दोन्ही पाट्या बघून ग्रंथपाल गोंधळले. मी म्हटलं, "बायकांचं असंच असतं हो."

काम मोठ्या आनंदात करते आहे पोरगी. शेवटचं काम म्हणून मनापासून करत असेल. तिने विषय काढला नाही. मीही काढला नाही. "तुझं चांगलं होतंय ना, मग मला काही नको," हे वाक्य मी तयार ठेवलं आहे. पाठ झालं आहे, पण मोठ्याने म्हणून बघितलं तर शेवटी आवाज चिरकतो. अजून सराव लागेल.

शुक्रवार, २१

परीक्षा झाली. चारही इमारतींत, एकदाही न तुटता.

मला ऑफिसात फोनजवळ बसवलं होतं, कुठे काही अडलं तर कळवायला. सूनबाई मैदानाच्या मधोमध उभी, चारी गच्च्या दिसतील अशी, मान वर. फोन काही वाजला नाही. एक्स्चेंजमध्ये बोर्ड शांत झाला की आम्हाला धडकी भरायची. आज इतका वेळ शांत बसला तरी मला मजेत झोप येत होती.

शेवटची घंटा झाल्यावर प्राचार्यबाई स्वतः चहा घेऊन आल्या. वर्षभराची देखभाल आपल्याकडे, शिवाय त्यांच्या बहिणीच्या शाळेतही असंच काही करायचं आहे, तिथे तर सहा इमारती. सूनबाईने लगेच कागदावर चौकोन काढून रेघा ओढायला घेतल्या. "इथे नुसतं एक आणि पुष्कळ नाही चालायचं, आई. इथे जाळंच विणावं लागेल, प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात धरायचा. एक सुटला तरी बाकीचे सांभाळून घेतात."

सहा इमारती, आणि जाणारी बाई रेघा ओढते आहे. मला काही समजेना. कोणाला तरी सोपवून जायचं असेल.

सोमवार, २४

सकाळी दुकानात फोन वाजला. सूनबाई वर माळ्यावर केबल मोजत होती.

"नमस्कार," पलीकडे कोणी तरी बाई, आवाज सराईत, शिकवलेला. आमच्या वेळी असती तर मी तिला नक्की घेतली असती. त्या कंपनीतून बोलत होती. सूनबाईचं नाव घेतलं. मी म्हटलं, बाई वर चढल्या आहेत, निरोप असेल तर सांगा. माझ्या मनात आलं, रुजू व्हायची तारीख विचारायला केला असणार. मी पाठ केलेलं वाक्य आठवून ठेवलं.

"त्यांनी नकार कळवला होता आम्हाला," ती म्हणाली. "तरी साहेब म्हणाले, पुन्हा एकदा विचारून बघा. पगाराचंही काही करता येईल."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. फोनवर ऐकू न येणं मला कधी माहीत नाही. "कधी कळवला नकार?"

"चौदा तारखेला. सकाळी फोन आला होता त्यांचा."

चौदा तारीख. म्हणजे प्राचार्यबाईंनी दम भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी. वर्कशॉपचा डबा तेव्हा मेल्यासारखा पडला होता, काम हातचं जाणार असं दिसत होतं, आदल्या दिवशी पोरगी जेवलीही नव्हती. गच्चीवरून उतरून दोनदा चहा मागितला तो हाच दिवस.

पलीकडच्याला नको ते विचारायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी विचारलं. "कारण काय सांगितलं हो?"

"कारण..." कागद चाळल्याचा आवाज. "माझं इथे छान चाललंय, असं म्हणाल्या."

मी "हं" म्हटलं. त्यापुढे आवाज निघेना. खणखणीत आवाजाच्या हॅलोबाईचा आवाज निघेना. पलीकडची "हॅलो, हॅलो" करत राहिली. शेवटी मी घसा खाकरून म्हटलं, "तुमचा निरोप पोचला," आणि फोन ठेवला. खोटं नव्हतं ते.

मग काउंटरच्या मागे खाली बसले, पदराने तोंड पुसलं, परत पुसलं. किती वेडी आहे मी.

माळ्यावरून आवाज आला, "आई, कोणाचा फोन होता?"

"राँग नंबर!"

"एवढा वेळ?"

"बाई बोलकी होती गं! तू मोज तुझी केबल."

निरोप दाबून ठेवणं म्हणजे आमच्या खात्यात नोकरीवरच गदा. तिला सांगायला हवं, तिचा निरोप आहे. उद्या सांगेन. उद्या जमलं नाही तर परवा.